न जुळणारे जबडे

४ मे, सोमवार
आज ती माझ्याशी बोलली! लग्नाला आठ महिने झाले, आणि आज नवऱ्याच्या दहा वर्षांच्या लेकीनं आपणहून विचारलं — "हे कुणाचे दात?"

मी एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. काम झालं की मापाचे प्लास्टरचे जबडे फेकून देतात. त्यातले टाकाऊ आज खोकं भरून घरी आणले. म्हटलं, खारूला (हे तिचं लाडाचं नाव) रंगवायला होतील. सांगितलं, "कुणास ठाऊक! माणसं मला दिसतच नाहीत, नुसते जबडे येतात." तिचे डोळे हे एवढे झाले. "मग ही माणसं नसतीलच!"

झालं, बसल्या बसल्या एक अख्खं जग काढलं. पुढचे दात मोठे ते झाडखाऊ. सुळेवाले कड्यावरचे. एकही दात नाही ते ढगातले बोळके, त्यांना चावायची गरजच नाही. आता कोण कुठून आलं ते एकेकाचं वहीत लिहायचं. नवरा म्हणाला, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये." खारू म्हणाली, "हे ऋषी नाहीत, बाबा."

५ मे
झाडखाऊ कुठून आले? मी सुरू केलं — एका झाडाच्या ढोलीत एक आई होती... तिनं वही मिटली. "सगळ्यांना आईच का लागते?"

तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. माझी अक्कल काय गहाण पडली होती?

मग वही पुन्हा उघडून तीच म्हणाली, "फांदी मोडली. पडताना ओरडली. त्या ओरडण्याचे झाडखाऊ झाले." माझ्यापेक्षा शंभर पटीनं सरस. तसंच लिहिलं.

६ मे
तिच्या मावशीचा फोन. खारूला कायमची तिकडे न्यायची म्हणते. "शेवटी रक्ताचं ते रक्ताचं." नवरा म्हणाला, खारूलाच ठरवू दे, रविवारपर्यंत. मला कुणी विचारलं नाही. मला ती इथे हवी आहे. निदान या डायरीत तरी लिहिते.

७ मे
बोळक्यांचं मूळ काही सापडेना. त्या नादात दूध उतू गेलं. दोघी हसलो!

८ मे, शुक्रवार
घात झाला! लॅबचे मालक सकाळपासून एक खालचा जबडा शोधत होते. कुणा निवृत्त मास्तरांचा, पुढचे चार दात अजून बसवायचेत. टाकाऊंबरोबर मीच तो घरी आणलेला! जेवणाच्या सुट्टीत धावत आले, तर खारू खिडकीत बसून पॉलिशपेपरनं तोच घासत होती. दाढा पार सपाट. "वरच्याशी जुळत नव्हता म्हणून..."

"अगं, काय करून ठेवलंस हे!" ओरडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ती पांढरीफटक पडली. "मी जातेच मावशीकडे," म्हणाली आणि दार आपटलं.

चूक माझी आणि ओरडा तिला. स्वतःचीच लाज वाटते.

९ मे
मालकांपुढे कबूल केलं. "घरी नेलात? खेळायला?" बरंच बोलले, मी ऐकून घेतलं. मास्तरांना पुन्हा माप द्यायला बोलावलं. तोंडात मापाचा लगदा धरून बसले असतील बिचारे!

घरी येऊन खारूच्या बंद दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. "चूक माझी होती. तुझ्यावर ओरडायला नको होतं मी." आतून नुसता पॉलिशपेपरचा आवाज, खर्र खर्र.

१० मे, रविवार
मावशी सकाळी दहा वाजता आली. खारूची बॅग दारात नव्हती. ओट्यावर वही होती आणि वहीवर मास्तरांचा खालचा जबडा, त्यावर कुणा भलत्याचाच वरचा. दाबून पाहिले — चक्क बसतात! शेवटच्या पानावर तिचं अक्षर —

"घासलेले लोक. मूळ: दोघी वेगळ्या घरच्या. आधी जुळेनात. एकीलाच घासून भागलं नाही, मग दुसरीलाही घासलं. दोघींना दुखलं. राहतात: इथेच."