ऐनाच्या शीटवरची डहाळी

सर, गुरुवारी तुमचं जुनं कपाट उघडलं. आपल्या डहाणूच्या कॉलेजात वाळवून ठेवलेल्या सगळ्या झाडपाल्याचे फोटो काढून संगणकावर चढवायचं काम चाललंय, आणि माझी एक तरुण सहकारी त्यात डोकं घालून बसलेली असते. तिने तलासरीच्या ओढ्याकाठचं एक शीट माझ्यापुढे धरलं. लेबलवर तुमच्या अक्षरात 'ऐन', खाली 'पानांवर तांबड्या मुंग्यांची ये-जा', आणि चिकटवलेली डहाळी चक्क त्याच्या भावकीतल्या अर्जुनाची. ती हसून म्हणाली, "मॅडम, सरांची ऐन-अर्जुनात गल्लत व्हायची का हो?" मी म्हणाले, वय झालं होतं त्यांचं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. ती डहाळी मी तोडली होती.

मी तुमची विद्यार्थिनी होते, त्या दिवशी एसटीतून उतरून आपण ओढ्यापर्यंत चालत गेलो होतो. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, म्हणून तुम्ही डहाळ्या दाबायची वर्तमानपत्रं पसरून सावलीत बसायचात, मी झाडं शोधायचे आणि सांगेन ते तुम्ही लिहून घ्यायचात. सकाळीच तुम्ही माझ्यावर करवादलात, कारण शिवणीच्या फांदीवरच्या मुंग्या मी झटकून टाकल्या होत्या. "मुंग्या झटकल्यास म्हणजे अर्धं झाड फेकलंस," असं म्हणालात, आणि मग ऐनाचं एक पान उलटं करून देठाजवळच्या दोन गाठी माझ्या बोटाला लावून दिल्यात. त्यांतून गोड रस पाझरतो, तो प्यायला मुंग्या येतात, आणि आल्या की पानं खाणाऱ्या अळ्यांना टिकू देत नाहीत. झाडाचं कूळ लिहायचं तर त्याच्याकडे कोण येतं-जातं तेही लिहायचं, हा तुमचा हट्ट. बाकीचे प्राध्यापक त्यावर हसायचे, आणि खरं सांगते, मीही.

दुपारी मोठ्या ऐनाला हात घातला तर कोपरापर्यंत मुंग्याच मुंग्या. चार-पाच कशाबशा बाटलीत कोंबल्या आणि पळाले. शेजारच्या अर्जुनावर एकही दिसत नव्हती. त्याची डहाळी मोडली आणि ऐन म्हणून तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही विचारलंत, "मुंग्या याच डहाळीवरच्या ना?" मी हो म्हणाले. माझा सुजलेला हात तुम्ही चाचपून पाहिलात आणि गळ्यातलं भिंग काढून मला दिलंत. "चावल्या तरी फांदी सोडली नाहीस. हे आता तुझं." त्या भिंगाच्या जोरावर माझी सगळी नोकरी झाली, सर. खरं सांगून परत करावं असं कितीदा मनात आलं, पण ते व्हायच्या आधीच तुम्ही गेलात.

रविवारी तलासरीला जाऊन आले. ऐन अजून आहे. पाड्यावरची एक म्हातारी माझी कसरत बघत उभी राहिली. म्हणाली, "चावतीलच ना गो बाय, त्यांचा घर हाय तो." चावल्या, भरपूर चावल्या. पण या वेळी डहाळी ऐनाचीच आणली, मुंग्यांसकट.

शीटवर जुनं काही खोडायचं नसतं. नवी चिठ्ठी शेजारी लावायची आणि खाली सही करायची. काल लावली: 'डहाळी अर्जुनाची, मुंग्या शेजारच्या ऐनावरच्या. ही अदलाबदल घाईत माझ्याकडून झाली. चूक सरांची नाही.' सहकारिणीला वाचायला दिली. तिने वाचून चिठ्ठीसकट शीटचा फोटो काढला. मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. पण घाई नव्हती सर, परतीच्या बसला चांगले तीन तास होते. मी घाबरले होते, आणि तुम्ही विचारल्यावर खोटं बोलले. हे पत्र कुठे पाठवणार? उद्या कालच्या चिठ्ठीशेजारी दुसरी, खरी चिठ्ठी लावते.