अकरावी मागणी

३ फेब्रु., मंगळवार
मागणीपत्रक टाईप होऊन आलं. अकरा मागण्या. आमची अकरावी: राइस मिलमध्ये बायकांसाठी दार आणि पाणी असलेला संडास. सध्या कोंड्याच्या ढिगामागे जातो, एकजण पहारा देते. म्हणून दुपारपर्यंत कोणी पाणी पीत नाही. आमच्यातल्या रेखाला पाचवा महिना. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी पी. कुठे जाऊन, ते नाही सांगत.
सेक्रेटरी चौरेभाऊंना विचारलं, "आमची सगळ्यात खाली काऊन?"
"बाई, अकराही सारख्याच. कोनती तरी शेवटी येनारच ना."
पटलं. कमिटीत मी एकटी बाई, पटवून घ्यायची सवयच झाली आहे.

५ फेब्रु.
युनियन ऑफिसात कोरे कागद शोधताना जुनी फाईल हाती लागली. याआधीची तीन मागणीपत्रकं. तिन्हींत संडास शेवटी. तिन्ही करारांत तेवढाच गायब.
दुधरामकाका जुने हमाल, तिन्ही वेळा बोलणीला होते. फाईल दाखवली. तंबाखू मळता मळता सांगून टाकलं: "शेवटची मागनी सोडून द्यासाठीच रायते बाई. मालकाले वाटलं पायजे का तो बी काही जितला."
म्हणजे बाजारात आधी चढा भाव सांगतात ना, त्यातले घासाघिशीचे वरचे दोन रुपये म्हणजे आम्ही! तळपायाची आग मस्तकात गेली.
आणि तिन्ही करारांवर माझी सही. बोलणीला कधी नेलं नाही, सहीला मात्र बोलावलं. मीही येऊन बायकांना सांगायची, "मालक मानला नाही." मला खरंच तसं वाटायचं. तरी लाज वाटते ती वाटतेच.

८ फेब्रु., रविवार
कुडवा गावात, मिलमधल्या वच्छलाबाईच्या अंगणात आम्ही कामावरच्या सगळ्या जमलो. सांगितलं सगळं. सहीचंही.
सुशीला: "मोर्च्यात आमी समोर, पोलीस मारत नाई म्हनून. अना कागदावर शेवटी!"
वच्छलाबाई माझ्यावरच उखडली. "तू तं शिकलेली ना वो? मंग?" चहा मात्र तिनेच पाजला.
ठरलं: आमची मागणी एक नंबरला. सोडली तर आम्ही उकडलेलं धान वाळायला पायांनी पसरणार नाही. ढीग तसाच राहिला की आंबतो, हे मालकाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

१० फेब्रु.
कमिटी. सात पुरुष, मी.
चौरेभाऊ: "बाई, तुमी फूट पाडून रायल्या. युनियन मोठी का संडास मोठा?"
मी: "युनियनच मोठी भाऊ. मंग तिच्यात एक संडास काऊन मावत नाई?"
नंबरानं काही फरक पडत नाही म्हणे. म्हटलं, फरक नाही तर वर घ्या. सगळे पंख्याकडे पाहायला लागले.
हात वर करायची वेळ आली. माझ्या बाजूने दुधरामकाका, बस. हरले. पत्रकावर सही केली नाही.
घरी हे म्हणाले, "आता तुले कामावरून काढतीन." म्हटलं, काढू दे, मग तुमच्या ई-रिक्षात मागे बसून गोंदिया पाहीन. हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

१२ फेब्रु.
मालकाकडे बोलणी. बोलावलं नव्हतं, गेले. खुर्ची नव्हती, उभी राहिले.
मालकाने विचारलं, "इसमें से क्या छोड़ोगे?" चौरेभाऊंचं पेन सरळ अकराव्या ओळीवर. मी कागदावर पंजा ठेवला. "हे नाई. सोडाची असन तं दुसरी सोडा."
मालक हसला. "पहले आपस में तय कर लो।" बोलणी मोडली. बाहेर हमाल माझ्यावर तुटून पडले, तुझ्यापायी आमची मजुरीवाढ अडली म्हणून. त्यांचंही खोटं नाही. पण त्यांची वाढ दर वेळी आमच्या जिवावर का? वच्छलाबाईचा नवरा त्यांतलाच. तिच्या घरात अबोला.

१३ फेब्रु., शुक्रवार
मिलच्या फरशीवर बसूनच लिहिते आहे. सकाळी उकडलेलं धान पडलं. काल पेन अकरावीवर गेलंच होतं, म्हणून ठरल्याप्रमाणे आम्ही बावीसजणी कडेला बसलो. एकीनेही पाय घातला नाही.
मुनीमजी धावत आले. "धान खट्टा हो जाएगा, बाई!"
रेखा: "तं लवकर बांधा."
दहाला चौरेभाऊ मोटारसायकलवर. आधी ओरडले, मग खाली बसले. "मालकाले काय सांगू?" मी म्हटलं, मागण्या वाचून दाखवा. त्यांनी एकपासून सुरू केलं. वच्छलाबाई म्हणाली, "खालून वाचा." वाचली. इतक्या वर्षांत संडासाची मागणी त्यांच्या तोंडून सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकली. मग आत मालकाच्या ऑफिसात गेले. सोबत यायला उठले, तर मुनीमने दार लावून घेतलं.
हमालांनी पोती उचलणं थांबवलं आहे. आमच्यासाठी की आमच्यावरच्या रागानं, विचारलं नाही.
बारा वाजले. ढिगाला वास सुटला. मला भीती वाटते आहे आणि उठायचं अजिबात नाही.
दार उघडलं. चौरेभाऊ येऊन राहिले, हातात घडी केलेला कागद. सही मागतील. पेन मुठीत धरून ठेवते. आधी सगळ्यांना वाचून दाखवा म्हणणार.