ओला ब्रश

तिने चिठ्ठी बेसिनवरच्या आरशाला चिकटवली. नवरा अजून झोपेतच होता.

"पिल्लूला आमच्या डॉक्टरांकडे नेतेय, दोन किडक्या दाढा काढायला. दवाखान्यात मी लोकांच्या पोरांना दात घासायला शिकवते, आणि घरी तेच काम तुझ्यावर सोपवलं. ब्रश रोज ओला दिसायचा. काल दवाखान्यात दात तपासताना पिल्लू सगळ्यांसमोर म्हणाली, 'बाबा ब्रश नुसता नळाखाली धरतो, मग झोपायला दुधाची बाटली देतो.'

आजपासून झोपताना फक्त पाणी. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, आधी मागच्या दाढा."

पुढची ओळ तिने गिरगटून टाकली. खाली लिहिलं:

"खुर्चीत बसल्यावर ती 'बाबा कुठाय?' म्हणून विचारेल. कामावर गेलाय, असं सांगेन. एवढं खोटं मलाही जमतं."