अख्खं चित्र नेल्दाला

मी, एर्सिलिया बार्रिया, व्यंगचित्रकार ओस्वाल्दो मान्सिया यांची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार पुंता अरेनास, चिली, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री डॉक्टर देत नाहीत, म्हणून घाई.

१. राहतं घर कायद्यानेच मुलगा हेराल्दो याचं आहे. छपराचे पत्रे वाऱ्याने उचलण्याआधी ठोकून घ्यावेत.

२. ओस्वाल्दोंची मोठी कात्री संपादक युत्रोनिक यांना द्यावी. १९७८च्या डिसेंबरात तीन बेटांवरून आपलं आणि अर्जेंटिनाचं युद्ध पेटायचंच बाकी होतं. ओस्वाल्दोंनी चित्र काढलं: दोन सेनापती एकच पोंचो, डोक्यातून घालायची लोकरी घोंगडी, दोन टोकांनी ओढताहेत, दोघेही खालून उघडे, आणि ज्यांच्या कपड्यांच्या दोरीवरून तो पळवला, त्या दोघी बायका मागे धावताहेत. एकीला माझा चेहरा, दुसरीला सीमेपलीकडे अर्जेंटिनात रिओ गायेगोसला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा, नेल्दाचा. संपादकांनी आपला सेनापती आणि मी, दोघांना कापून उरलेलं छापलं. कात्री त्यांच्याच हातात शोभेल.

३. ते अर्धं चित्र कोणीतरी नेल्दाला पोचवलं. तिचा फोन आला, "माझा पोरगा सीमेवर खंदकात पडून आहे आणि तुझा नवरा मला नागड्यामागे पळवतोय? इथून पुढे मला बहीण नाही." तेव्हा लष्कर फोन चोरून ऐकायचं; अख्ख्या चित्राचं नाव काढलं असतं तर ओस्वाल्दोंना उचलून नेलं असतं. लष्कराची राजवट गेल्यावर मूळ चित्र दोनदा पाठवलं. दोन्ही वेळा पार्सल न फोडता परत आलं. हट्ट आईचा, आम्हा दोघींना सारखाच वाटून मिळालेला.

४. ते मूळ चित्र नेल्दाला. वस्तुसंग्रहालयाला नाही. हेराल्दो, पिकअप ट्रक तुझा, पण पहिली फेरी रिओ गायेगोसची. "आई, मावशी दार उघडायची नाही," म्हणालास. मग उंबऱ्यावर बस. कालाफातेच्या फळांचा मुरंबा ने, त्याला ती नाही म्हणत नाही. चौकटीत बसवायला म्हणून कडा कापू नकोस. ते पुन्हा कापलं जाईल, याच भीतीने माझा डोळा लागत नाही. नेल्दा माझ्याआधी गेली तर काय, याचं कलम घाला असं वकील म्हणतात. मी घालणार नाही.

५. आणि ती "परत घेऊन जा" म्हणाली, तर एवढंच सांग, मावशी, परत घ्यायला आता घरी कोणी नाही.

वाचून, समजून सही केली.
एर्सिलिया बार्रिया

समक्ष साक्षीदार: लुसिंदा आग्विलार, शेजारीण, तेओदोरो निएव्हेस, निवृत्त बसचालक, बेनिता वेरा, शिवणकाम
पुंता अरेनास, ९ ऑगस्ट २००४