घर क्रमांक १७ चे शुद्धिपत्र रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
परदेशस्थ कुटुंब पाहणी कक्ष,
पनवेल, जि. रायगड.

अर्जदार : गुरुदत्त काशिराम मोकल, वय ६३, निवृत्त तालुका वार्ताहर व आपल्या कक्षाचे मानद पाहणीकार, रा. पनवेल.

विषय : मी स्वतः दाखल केलेले व मजकुराने खरे असलेले शुद्धिपत्र फेटाळून, मूळची चुकीची नोंद कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) माझा पाहणी अहवाल, दि. ३१ डिसेंबर २०११
२) माझे शुद्धिपत्र, दि. ३० जानेवारी २०१२
३) आपल्या कक्षाची श्रीमती साबिरा शकील नाखवा यांना नोटीस, दि. ५ मार्च २०१२

महोदय,

विषय वाचून आपण हा अर्ज बाजूला ठेवाल, अशी मला भीती वाटते. आपल्या जागी मी असतो तर तेच केले असते. परंतु नोटिशीची मुदत परवा, शुक्रवार दि. १६ रोजी दुपारी चार वाजता संपते, म्हणून पूर्ण वाचावा अशी विनंती आहे.

१. मी एकतीस वर्षे एका दैनिकाला पनवेलहून बातम्या पाठवल्या. रोज सायंकाळी सात ही माझी वेळ होती. त्या काळात माझ्या बातम्यांवर अकरा खुलासे छापले गेले आणि ते सर्व मी स्वतःहून दिले होते. चूक कळली की ती त्याच दिवशी दुरुस्त करायची, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. प्रस्तुत प्रकरण त्या सवयीतून उद्भवले आहे.

२. आपल्या कक्षाने मला पनवेल शहरातील दोन समाजांच्या परदेशी गेलेल्या कुटुंबांची सामाजिक व आर्थिक स्थिती तुलनेने मांडण्याचे काम दिले होते. तक्ता ‘अ’ मध्ये आखातात कामाला गेलेली कोकणी मुस्लिम कुटुंबे, घरे ५८. तक्ता ‘ब’ मध्ये इस्रायलला गेलेली बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंबे, घरे ९. निष्कर्ष अहवालात आहेत. येथे एवढेच सांगतो की ‘अ’ मधले पुरुष एकटे गेले, दोन-दोन वर्षांच्या करारावर गेले, आणि तिथे कायमचे राहण्याचा हक्क त्यांच्यापैकी एकालाही नाही. त्यांची इथली घरे मात्र वाढली. वर मजला चढला, खाली चकचकीत फरशी आली, मुली कॉलेजात गेल्या, बँकेपासून लग्नापर्यंतचा सगळा व्यवहार बायकांच्या हाती आला. ‘ब’ मधली माणसे कुटुंबासह गेली. त्यांना तिथे नागरिकत्व, घर आणि म्हातारपणची सोय मिळाली. पण इथे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना तिथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालण्याचे काम पत्करावे लागले. त्यांची इथली घरे विकली गेली किंवा बंद आहेत.

‘ब’ समाजाचे माझे मुख्य माहितीदार श्री. जुडाह वाकरूळकर, निवृत्त रेल्वे कर्मचारी, यांना मी दोन्ही तक्ते दाखवले. ते चष्मा पुसत म्हणाले, “आमची माणसं जाताना भांडी वाटून गेली. यांची माणसं जाताना कुठली भांडी आणायची त्याची यादी घेऊन गेली. झाली तुमची तुलना. यासाठी तुम्हाला मानधन देतात?”

३. रकाना १४ मध्ये ‘घरात राहणाऱ्या व्यक्ती’ लिहायच्या होत्या. ‘अ’ मधल्या बायका नवऱ्याला आणि मुलाला धरून आकडा सांगतात, माणूस दहा वर्षे दोह्यात असला तरी. श्रीमती साबिरा नाखवा, घर क्रमांक १६, यांनी मला “आम्ही दोघं” असे सांगितले. प्रत्यक्षात त्या एकट्या राहतात. पती शकील २००१ मध्ये वारले. मुलगा फहाद, एसी मेकॅनिक, २००३ मध्ये आखातात गेला. त्याचा शेवटचा फोन ११ फेब्रुवारी २००५ रोजी आला. त्यानंतर त्याचा ठावठिकाणा कोणी सांगू शकलेले नाही.

४. आता माझी चूक. शुक्रवार दि. १६ डिसेंबर २०११ रोजी सायंकाळी पावणेसहा वाजता मी त्या गल्लीत होतो. शेजारचे घर क्रमांक १७ हे ‘ब’ तक्त्यातले, श्रीमती रुथ वाकरूळकर (जुडाह यांच्या भावजय) यांचे. त्या २००६ साली मुलगी अविटलसोबत इस्रायलला गेल्या, ही माझी माहिती होती. परंतु खिडकीत दिवा जळत होता. काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल, त्यात वात. शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी लावतात तसा. मी साबिराबाईंना दारातूनच विचारले. त्या म्हणाल्या, “रुथचंच घर आहे.” मी ‘रुथ वाकरूळकर, परत आलेल्या, एकट्या राहतात’ असे लिहिले. घर कोणाचे, हे मी विचारले. घरात कोण आहे, हे विचारले नाही. वहीत अजून तीन घरे बाकी होती. कारण म्हणून हे देत नाही, नोंद म्हणून देतो.

५. जानेवारीत अविटल यांचे अश्दोदहून पत्र आले. मी परदेशी पाठवलेल्या प्रश्नावलीचे ते उत्तर होते. त्यात लिहिले होते की आई ९ ऑगस्ट २०११ रोजी वारली. म्हणजे मी जिच्या वास्तव्याची नोंद केली ती व्यक्ती चार महिन्यांपूर्वीच गेलेली होती. मी त्याच दिवशी शुद्धिपत्र दाखल केले. पोच घेतली. घरी येऊन जेवलो.

६. आपल्या कक्षाने त्या शुद्धिपत्रावर नियमाप्रमाणे कारवाई केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. किल्ली साबिराबाईंकडे असल्याने नोटीस त्यांना गेली. तिच्यात दोन मागण्या आहेत. पहिली : रुथ मयत असून घर रिकामे आहे, या निवेदनावर सही करून किल्ली जमा करावी, अन्यथा दि. १६ रोजी घर मोहरबंद होईल. दुसरी : तपासणीत असे आढळले की फहाद यांच्याविषयी सात वर्षे काही ऐकू आलेले नाही, ही मुदत गेल्या ११ फेब्रुवारीला पूर्ण झाली, तरी त्यांना मयत समजण्यास हरकत नसल्याचे आईने लिहून द्यावे. माझ्या एका दुरुस्तीमुळे गल्लीतील सर्व नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या आणि दुसरी मागणी तिथून निघाली, असे मला कक्षात कळले.

आपल्या लिपिक शशिकलाताई यांनी साबिराबाईंना कक्षात नोटीस वाचून दाखवली. त्यांचे वागणे सौजन्याचे होते. सही केली तर निराधार महिलांच्या यादीत नाव लागेल, तुमचाच फायदा आहे मावशी, असे त्यांनी समजावले. साबिराबाईंनी विचारले, “मुलगा मेला हा फायदा कुठल्या रकान्यात लिहिणार?” शशिकलाताईंनी नोटीस घडी करून त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या माणसाला बोलावले.

७. यानंतर मी साबिराबाईंकडे गेलो. रुथच्या मृत्यूची बातमी नोटिशीतून अशी अचानक कळली म्हणून क्षमा मागण्याचा माझा हेतू होता. त्यांनी मला आत बसवले, पाणी दिले आणि सांगितले की ती बातमी त्यांना ऑगस्टपासून ठाऊक आहे.

हकीकत अशी. २००६ मध्ये निघताना रुथ यांनी किल्ली दिली व दर शुक्रवारी खिडकीत दिवा लावायला सांगितले. साबिराबाईंनी विचारले, मी लावलेला तुमच्यात चालतो का? (जुडाह यांच्या मते धर्माच्या दृष्टीने त्या दिव्याला काही अर्थ नाही. हे त्यांनी साबिराबाईंना कधी सांगितले नाही.) रुथ म्हणाल्या, “तू इथे माझा दिवा लाव. मी तिथे दिवा लावताना फहादचं नाव घेत जाईन. एक शुक्रवार चुकवणार नाही.” तिकडचा सूर्य आपल्यामागून मावळतो. त्यामुळे इकडचा दिवा लागल्यावर दोन-अडीच तासांनी, उन्हाळ्यात आणखी उशिराने, साबिराबाईंचा मोबाइल एकदा वाजे आणि बंद होई. उचलायचा नाही, असे ठरले होते. वाजला म्हणजे रुथ आता दिव्यापाशी चालली, नाव घेणार. पाच वर्षे एकही शुक्रवार चुकला नाही. गेल्या १२ ऑगस्टच्या शुक्रवारी फोन वाजला नाही.

मी विचारले, मग आपण अविटलला का विचारले नाही? त्या म्हणाल्या, “विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.”

८. पुढचा मजकूर माझ्याविषयी आहे व तो वगळता आला असता तर वगळला असता. जून २००५ मध्ये मी फहादविषयी पाच ओळींची बातमी दिली होती : ‘पनवेलचा तरुण आखातात बेपत्ता’. बातमी खरी होती. दोन ठिकाणी खात्री करून दिली होती. तोपर्यंत गल्लीच्या लेखी फहाद कामावर होता. फोन येत नाही एवढेच होते. बातमी आली त्या सकाळी बायका घरी येऊन बसल्या. आठवड्याभरात फहादची वाग्दत्त वधू सायमा हिच्या घरच्यांनी ठरलेले लग्न मोडले, निरोप पाठवला की मुलीला किती दिवस ठेवायची. पोस्टमनही घर टाळून जाऊ लागला, असे साबिराबाई म्हणतात. त्याची मी खात्री केलेली नाही.

नोटिशीनंतरच्या या भेटीत साबिराबाई मला रागाने काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “गुरुदत्तभाऊ, तुम्ही खोटं कधी लिहीत नाही, हीच पंचाईत आहे. रुथ गेली ते अल्लाला माहीत आहे, मला माहीत आहे. तुमच्या साहेबांना कशाला कळवलंत? तुम्ही कागदावर घेतलं की मग माणूस खरंच जातो.”

९. शुक्रवार दि. ९ मार्च रोजी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, साबिराबाईंच्या परवानगीने मी घर क्रमांक १७ आतून पाहिले. पाहणीकार या नात्याने नोंद देतो. दाराच्या चौकटीवर त्यांच्या पवित्र मजकुराची लहान डबी आहे. आत जाताना साबिराबाईंनी तिला हात लावून बोटे ओठांना लावली. रुथ लावत असे, म्हणून. आत एक पलंग, दोन खुर्च्या, रिकामे कपाट. फरशी पुसलेली. वास्तव्याची कोणतीही खूण नाही, आणि घर रिकामे आहे असे म्हणता येईल अशीही स्थिती नाही. याला आपल्या तक्त्यात रकाना नाही.

सायंकाळी साडेसहाला त्यांनी दिवा लावला. मोबाइल दुसऱ्या खुर्चीवर ठेवला. आम्ही दोघे पलंगावर बसलो. बाहेर गल्लीत कोणी बादलीने रंग धुवत होते, ते थांबले. सातला मला सवयीने घड्याळ पाहावेसे वाटले आणि मी पाहिले. साडेआठ वाजून गेले. पेल्यातले तेल संपत आले, वात पाण्याला टेकून तडतडली. तेवढ्यात साबिराबाईंनी मान वर केली, खुर्चीकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाल्या, “घेतलं नाव.”

फोन वाजला नव्हता, हे मी नमूद करतो. मी त्याच्यापासून तीन फुटांवर बसलो होतो आणि माझे कान शाबूत आहेत. तरीही मी मान हलवली. एकतीस वर्षांत खात्री नसलेल्या गोष्टीला मी दिलेली ती पहिली संमती होती.

१०. परवा घर मोहरबंद झाले तर खिडकीत दिवा लागणार नाही. दिवा लागला नाही तर साबिराबाईंच्या हिशेबी तिकडे नाव घेतले जाणार नाही. नाव घेणारे कोणी उरले नाही, तर नोटिशीतल्या दुसऱ्या निवेदनावर सही करण्याखेरीज त्यांच्यापुढे काही राहत नाही. त्यांनी मला तसे सांगितले आहे : किल्ली नेलीत तर सहीसुद्धा घेऊन जा, एकदमच घ्या. त्यांचे वय ६६ आहे. त्या हे धमकी म्हणून बोलल्या नाहीत.

११. शुद्धिपत्र मागे घेता येते काय, हे मी सोमवारी कक्षात विचारले. उत्तर मिळाले की खरी माहिती मागे घेण्याची तरतूद नाही. फक्त माहिती देणारा अविश्वसनीय ठरला, तर त्याने दिलेली दुरुस्ती फेटाळता येते आणि मूळ नोंद पुढील पाहणीपर्यंत, म्हणजे पाच वर्षे, तशीच राहते. फेटाळलेल्या दुरुस्तीवरून निघालेल्या नोटिसाही आपोआप रद्द होतात.

सबब, पुढीलप्रमाणे विनंती करतो.

अर्जदार हा अविश्वसनीय माहितीदार आहे, असा शेरा आपण कृपया अभिलेखावर घ्यावा. आधारासाठी माझ्याच अहवालातील रकाना १४ पाहावा. मयत व्यक्तीला मी हयात लिहिले आहे. हा शेरा खाली नमूद दैनिकाकडेही पाठवण्यास माझी हरकत नाही. माझ्या जुन्या बातम्या कोणी पुन्हा तपासायच्या म्हटले, तर त्यांनी जून २००५ पासून सुरुवात करावी. त्या पाच ओळींनाही हा शेरा लागू व्हावा, अशी माझी स्वतंत्र इच्छा आहे.

आदेश शुक्रवारी चारच्या आत निघावा. त्या दिवशी सूर्यास्त सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

(सही)
गुरुदत्त काशिराम मोकल
पनवेल, बुधवार, दि. १४ मार्च २०१२

सोबत :
१) पाहणी अहवालातील रकाना १४ ची प्रत.
२) दैनिकाचे नाव व पत्ता.
३) अविटल यांचे पत्र : जोडलेले नाही. मागितल्यास मिळणार नाही.
४) कोरा कागद, खाली माझी सही केलेली. शेरा आपण आपल्या शब्दांत वर लिहून घ्यावा.