न आलेली नऊ पानं

प्रिय चारू,

फोनवर विचारलं तर तू हसून विषय बदलशील, म्हणून कागद घेतला. श्रीकांतच्या ऑफिसातला मनीष उद्या सुट्टीवर नाशिकला निघालाय, त्याच्या हाती हे देते. चार दिवस जिवाला घोर लागलाय आणि तो तुझाच आहे.

कुणी फारशी न वाचलेली पुस्तकं तू तिकडे हुडकायचीस, पानापानाचे फोटो काढून पाठवायचीस, आणि मी इथे आखातात, अल मलाझच्या फ्लॅटमध्ये बसून मासिकासाठी त्यांची परीक्षणं लिहायची. तीन वर्षं आपला हा उद्योग चाललाय. मधमाश्या पाळण्याचं पुस्तक काय, त्या वकीलसाहेबांची खुनाची कादंबरी काय! तिच्यातला खुनी मला चौथ्या पानावर कळला होता, तू मात्र शेवटपर्यंत बिचाऱ्या माळ्यावर संशय घेत होतीस. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तुझा अंगठा, तोही नेमका पानाच्या आकड्यावर. त्यावरून मी तुला किती बोलले असेन.

गेल्या महिन्यातलं पुस्तक रत्नागिरीच्या अमिरुन्निसाबाईंचं. चित्रकलेच्या शिक्षिका, कंपवाताने हात थरथरायला लागले, त्याची हकिगत. मी लिहिलं की लेखिका आजाराच्या पहिल्या दिवसांवरून उडीच मारते, खरं सांगायचा धीर तिला झालेला नाही. तसंच छापूनही आलं. फार तोऱ्यात लिहिलं होतं गं.

शुक्रवारी बेल वाजली. दारात यूनुस नावाचे गृहस्थ, इथल्याच अल खर्जच्या डेअरीत कामाला, बाईंचे भाचे. गावाहून परतताना बाईंनी त्यांच्याबरोबर पुस्तक पाठवलेलं, वर आंबापोळी. एकसष्टाव्या पानावर खुणेचा कागद, रागाचा एक शब्द नाही. ते चहा पीत होते आणि मी त्यांच्यासमोरच वाचत सुटले. एकोणसत्तरपर्यंत अख्खं प्रकरण, चारू. बाई पाहुण्यांना कप अर्धाच भरून द्यायच्या, सही करायची वेळ आली की चष्मा विसरला म्हणायच्या, लेकीसमोर हात पदराखाली धरायच्या. सगळं लिहिलंय त्यांनी. माझ्याकडे ती नऊ पानं आलीच नव्हती.

आधी तुझा रागच आला. नजरचुकीने एखादं पान राहतं, प्रकरण राहत नाही. मग तुझे जुने फोटो काढून बसले. दिवाळीपर्यंतचे लख्ख. नंतरचे हललेले. आणि मी तुला काय कळवलं होतं? नवा मोबाइल घे, कंजूष मेली! उजव्या अंगठ्याच्या जागी डावा आला, तेही मला दिसलं नाही. आणि म्हणे मी बारकाईने वाचते.

बाईंची मी माफी मागितली आहे, पुढच्या अंकात दुरुस्ती येईल. पण धीर नाही असं जे मी लिहिलं, ते तू वाचलंस आणि वर मला ‘छान झालंय’ म्हणालीस, हे मला सोसत नाही. तुझ्या हाताबद्दलचा माझा अंदाज खोटा असेल तर मनसोक्त शिव्या घाल, मी आनंदाने खाईन. इतकं खोटं ठरावंसं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. पण खरा असेल तर डॉक्टरकडे एकटी जाऊ नकोस. श्रीकांतने माझा जाऊन परत यायचा एक्झिट-रीएंट्री व्हिसा काढलाय, सोळा तारखेला मी नाशकात आहे. तोवर पोरीला, सानिकाला, सांगायचं नसेल तर नको सांगूस. मला सांग.

तुझीच,
विद्या