बेसमेंटमध्ये कुणीतरी आहे

नोव्हाय, १८ जानेवारी

ताई,

तुला आणि आईला नमस्कार. आम्ही मजेत आहोत, थंडी तेवढी जास्त आहे. आईचा गुडघा कसा आहे?

घरात स्मार्ट थर्मोस्टॅट बसवले. वरचा मजला, खालचा आणि बेसमेंट, तिन्हींचं हीटिंग वेगळं, म्हणून तीन. निमिषने पंधरा दिवस एक्सेल शीट करून निवडले. खोलीत कुणी आहे की नाही, हे त्यांच्या सेन्सरला कळतं. माझ्या फोनवर अ‍ॅपही त्यानेच घालून दिलं.

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

निमिष रोज आठला डबा घेऊन ऑफिसला जातो. मग मी निघते. नऊ वाजता अ‍ॅप सांगतं, बेसमेंटमध्ये कुणीतरी आहे. तीन आठवडे झाले. त्याच्या कंपनीत ले-ऑफ चाललेत आणि आमचा व्हिसा त्याच नोकरीवर आहे. संध्याकाळी म्हणतो, "आज नुसत्या मीटिंग्ज." मी "हो का" म्हणते. विचारायचा धीर होत नाही गं.

खाली फार गारठा असतो. काल ऑफिसातूनच, फोनवरून, मी बेसमेंटचं तापमान वाढवलं. दोन मिनिटांत कुणीतरी ते परत कमी केलं. मी पुन्हा वाढवलं. मग मात्र तसंच राहिलं.

संध्याकाळी त्याने मीटिंग्जचं नाव काढलं नाही.

आज सकाळी त्याने पुन्हा डबा मागितला.

तुझी,
आसावरी